आप्पांची वही आणि फिनलंडचा पहिला नंबर

२० मार्च उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. त्या दिवशी जागतिक आनंद अहवाल येतो, आणि मी राहतो तो फिनलंड पहिला असतो. २०१८ साली पहिला आला तो २०२५ पर्यंत हललेला नाही. २०२५ मध्ये भारत होता ११८वा. सकाळीच सांगलीहून दादाचा मेसेज आला, "सुखी माणसा, सदरा कुरियर कर." त्याखाली आत्याच्या मुलाचं, "पाकिस्तान १०९ आणि आपण ११८? ह्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची कीव येते." मग वहिनी, "तिकडे सगळं मिळत असेल, पण बोलायला माणूस मिळत नाही." तिला पटापट अंगठे.

वहिनीचं खोटं नाही. एस्पूमध्ये, म्हणजे हेलसिंकीला लागूनच, आम्ही अकरा वर्षं राहतोय. बस स्टॉपवर लोक दोन हात अंतर ठेवून उभे राहतात, आणि त्याचा करोनाशी काही संबंध नाही. जिन्यात शेजारी भेटू नये म्हणून दाराच्या भोकातून बघून मगच बाहेर पडणं, हा त्यांचा स्वतःवरचा आवडता विनोद आहे. देशातल्या जवळपास निम्म्या घरांत एकटं माणूस राहतं. डिसेंबरात सूर्य सहा तासही टिकत नाही, आणि टिकतो तेव्हा ढगाआड असतो. पहिला नंबर जाहीर झाला की सगळ्यात जास्त फिनिश लोकच हसतात.

पण दादा काय किंवा आत्याचा मुलगा काय, अहवालात नेमकं काय विचारतात हे कुणी वाचलेलं नाही. 'तुम्ही किती हसता' असल्या प्रश्नावर ही क्रमवारी लागतच नाही. गॅलप या सर्वेक्षण संस्थेची माणसं बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजार लोकांना एक शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात. तळाला शून्य, वर दहा. दहावर तुमच्या मते उत्तमात उत्तम आयुष्य, शून्यावर वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर? हॅडली कँट्रिल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडलेली ही शिडी आहे. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात, झाला नंबर तयार. २०२५ ला फिनलंड ७.७४, भारत ४.३९.

म्हटलं, आपणच विचारून बघू. रविवारच्या फोनवर आप्पांना विचारलं.

"सहा," आप्पा लगेच म्हणाले. मग जरा थांबून, "नाही, पाच लिही."

"का हो? पेन्शन आहे, घर आहे, नातवंडं शेजारी आहेत."

"आहे रे सगळं. पण उद्या काय वाढून ठेवलंय, कुणी सांगावं?"

आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त ट्रामचालकालाही मी विचारलं. अकरा वर्षांतला आमचा हा बहुधा सर्वांत लांब संवाद. तो म्हणाला आठ. का, तर घराचं कर्ज फिटलंय आणि सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, चालू आहे. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा स्वीडनमध्ये. तरी आठ. आप्पांकडे जे जे आहे, त्यातलं अर्धंही ह्या माणसाकडे नाही. पण उद्याची धास्ती त्याच्या हिशेबातच नाही.

आपल्याकडचा ठरलेला युक्तिवाद असा, की त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे माणसं आहेत. मीही बरीच वर्षं हेच सांगत फिरायचो. मग त्याच अहवालातला एक आकडा पाहिला आणि तोंड बंद झालं. अडचणीत सापडलात तर हक्कानं हाक मारावी असं कुणी नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहे का, असाही एक प्रश्न असतो. फक्त हो किंवा नाही. २०२१च्या अहवालात फिनलंडमध्ये शंभरातले ९५ हो म्हणाले. भारतात ६०. एकत्र कुटुंबाच्या, चाळीच्या, गल्लीच्या, भावकीच्या देशात शंभरातली चाळीस माणसं म्हणतात, आम्हाला कुणी नाही.

हा आकडा खोटा ठरवावा असं मला फार वाटलं. सहा वर्षांपूर्वीची मिरज आठवली आणि तो उत्साह गेला.

आप्पांचं बायपास ठरलं तेव्हा मी विमानात होतो. दादा मिरजेच्या एका दवाखान्यात काउंटरपुढे उभा. अनामत भरल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नाही, असं त्याला सांगितलेलं. त्यानं एक फोन लावला. त्या माणसानं दुसरा लावला. तासाभरात फाइल सरकली, खोलीही मिळाली. पुढचे नऊ दिवस डबे इतके आले की दादानं वॉर्डातल्या इतर लोकांना वाटले. ते डबे आठवले की अजून गळा दाटतो. पण काउंटरपाशी दादाच्या मागे एक बाई उभी होती, नवऱ्याचे रिपोर्ट पदराखाली धरून. तिच्याकडे फोन होता, नंबर नव्हता. तिचं पुढे काय झालं हे दादाला ठाऊक नाही. तिला शिडी दाखवली असती तर तिनं किती सांगितले असते?

ओळख ही आपल्याकडची खरी विमा पॉलिसी आहे. ज्याची आहे त्याला ती माया वाटते, ज्याची नाही त्याला भिंत. भारतात उपचारांवर होणाऱ्या एकूण खर्चातला लोक स्वतःच्या खिशातून किती देतात, तो वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९वर आला. ही लहान गोष्ट नाही, आणि ग्रुपवर हे कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो. तरी ३९ म्हणजे ३९. त्यासाठी कुणी गाय विकतं, कुणी दागिने मोडतं, कुणी भावाला फोन करतं.

फिनलंडला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी बर्फावर घसरून मनगट मोडून घेतलं. बायको तेव्हा पुण्याला गेलेली. एकटाच बसनं गेलो, प्लास्टर घालून एकटाच परत आलो. महिन्यानं पोस्टानं बिल आलं, ते घरातल्या वीजबिलापेक्षा कमी. सरकारी उपचारांच्या शुल्कालाही इथं वर्षाची कमाल मर्यादा आहे, २०२५ मध्ये ती साडेसातशे युरोच्या आसपास होती. त्यापुढे बहुतेक शुल्कं माफ. कुणाला फोन करावा लागला नाही. डबाही कुणी आणला नाही. डाव्या हातानं मॅगी करून खाल्ली.

आता 'फुकट'बद्दल. आमच्या ग्रुपवर लाडक्या बहिणीचे १५०० रुपये हा मार्चनंतरचा दुसरा लाडका विषय. "फुकट वाटून देश बुडतो," हे दादाचं मत. इथं तर सरसकट वाटतात. शाळेतलं गरम जेवण १९४८ पासून सगळ्या पोरांना फुकट, कंपनीच्या मालकाच्या पोरालाही. बाळंतिणीला सरकारकडून खोकं येतं. (खोके म्हटलं की आपल्या लोकांना भलतंच काही आठवतं, त्याला माझा इलाज नाही.) आमच्या धाकटीच्या वेळचं खोकं मी स्वयंपाकघरात फोडलं. झबली, टोपडी, बर्फात घालायचा गुबगुबीत सूट, अंगाचा थर्मामीटर, तळाला छोटी गादी. खोक्यातच बाळ झोपवायचं. ती तीन महिने त्यातच झोपली. आईनं व्हिडिओ कॉलवर बघून कपाळाला हात लावला. १९३८ मध्ये हे सुरू झालं ते फक्त गरीब मातांसाठी, १९४९ पासून सगळ्यांना, अट एकच, वेळेत दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं. हे पाठवणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव 'केला'. नावाला जागते म्हणायची.

ते खोकं मी उलटंपालटं करून पाहिलं. कुणाचाही फोटो नव्हता. आपल्याकडे २०२२च्या दिवाळीत रवा, चणाडाळ, साखर, तेल शंभर रुपयांत दिलं, नाव चक्क 'आनंदाचा शिधा', आणि पिशवीवर नेत्यांचे हसरे चेहरे. शिधा वाईट नव्हता, गरजही खरी होती. पण फोटो आला की देणारा आणि घेणारा वेगळे होतात, आणि पुढच्या दिवाळीला मिळेल की नाही ते फोटोवर ठरतं. दादाचं म्हणणं इथंच मला चुकीचं वाटतं. वाटलं म्हणून लोक बिघडत नाहीत. पुन्हा मिळेल याची खात्री नसलेलं वाटप त्यांना हात जोडायला लावतं, एवढंच.

"छोटा देश आहे, त्यांना जमतं," असंही एक उत्तर येतं. लोकसंख्या ५६ लाख, पुणे-पिंपरी पट्ट्याएवढी, हे कबूल. पण पुणे-पिंपरीला तरी कुठे जमलंय? आणि हे लोक कायमचे श्रीमंत नव्हते. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात बारातला एक माणूस मेला. झाडाची साल दळून भाकरीत मिसळायचे.

म्हणून इथं स्वर्ग आहे असं नाही. २०२५ मध्ये बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास गेली, आणि जून २०२५ पासून नियम आला की नोकरीच्या परवान्यावर आलेल्या परदेशी माणसाची नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधा, काहींना सहा. आमच्या ओळखीतल्या एका इंजिनियरनं त्या धास्तीत दोन महिने झोप घेतली नाही. तो हुबेहूब आप्पांसारखं बोलायला लागला, उद्या काय वाढून ठेवलंय. फिनलंड तेच, शिडी तीच, माणूस तीन महिन्यांत चार पायऱ्या खाली.

गेल्या मे महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा आप्पांनी एक वही माझ्यापुढे ठेवली. जुनी, लाल कापडी पुठ्ठ्याची. "ह्याचे फोटो काढून ठेव, मी गेल्यावर दादाला उपयोगी पडेल." आत नंबर. हृदयाचे डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर, नगरसेवक, वीज मंडळातला एक, तहसील कचेरीतला एक, रेल्वे आरक्षणातला एक. चाळीस वर्षांची कमाई. मी एकेक पान मोबाइलवर काढत गेलो. निम्म्या नावांवर आडवी रेघ होती. तहसीलवाल्याच्या नावापुढे आप्पांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'निवृत्त. मुलगा बंगळूरला, ओळख नाही.'