'आर्ट' बसवताना त्या पांढऱ्या चित्राला हसू नये

सोलापुरातल्या एखाद्या हौशी नाट्यसंस्थेने फ्रेंच लेखिका यास्मिना रेझा यांचे 'आर्ट' हे नाटक मराठीत रंगमंचावर आणावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. त्या दृष्टीने आमच्या ओळखीतल्या काही मंडळींमध्ये बोलणे सुरू झाले आहे, एक वाचनही झाले आहे, आणि वाचनानंतरची चर्चा ऐकून हे सविस्तर लिहावेसे वाटले. चर्चेचा एकूण सूर असा होता की, आधुनिक चित्रकलेच्या नावाखाली चालणाऱ्या भोंदूगिरीवरचे हे प्रहसन असून आपल्याकडे ते जोरात चालेल. ते चालेल याबद्दल मलाही शंका नाही. परंतु ते भोंदूगिरीवरचे प्रहसन आहे हे मला अजिबात मान्य नाही, आणि तसे समजून ते बसवले तर पहिल्या अर्ध्या तासात हशा संपून जाईल आणि उरलेला वेळ तीन नट कारण नसताना एकमेकांवर ओरडत आहेत, असे प्रेक्षकांना वाटेल.

ज्यांनी हे नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळ फ्रेंच नाटक १९९४ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांनी केलेले इंग्रजी रूपांतर १९९६ पासून लंडनमध्ये आणि १९९८ पासून न्यूयॉर्कमध्ये गाजले, आणि त्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. सर्ज, मार्क आणि इवान हे तीन जुने मित्र आहेत. सर्ज हा त्वचारोगतज्ज्ञ दोन लाख फ्रँक मोजून एक चित्र विकत घेतो. चित्र म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेल्या पांढऱ्या तिरक्या रेषा, आणि त्याही डोळे बारीक केले तरच दिसणाऱ्या. मार्क इंजिनिअर आहे; त्याला हा प्रकार असह्य होतो आणि तो ते मित्राच्या तोंडावर बोलून दाखवतो. इवान दोघांचेही म्हणणे मान्य करत राहतो. दीड तासाचे, मध्यंतराशिवायचे हे नाटक एवढ्याशा गोष्टीवर उभे आहे.

आता पांढऱ्या चित्राला हसणे फार सोपे आहे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०१३ साली मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, तेव्हाही आपल्याकडे 'यात काय आहे एवढे' असे विचारले गेलेच होते. तो हशा नाटकात आहे, तो लेखिकेने मुद्दाम दिला आहे आणि तो घ्यावा. पण दिग्दर्शकाने स्वतः मार्कच्या बाजूने उभे राहून तो घेऊ नये. सर्ज मूर्ख नाही, फसवला गेलेला नाही आणि दिखाऊही नाही. त्याला ते चित्र खरोखर आवडले आहे. हे खुद्द सोलापूरकरांना तरी वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसिंगचे काम करणारा जाणता माणूस पांढरा टॉवेल ट्यूबलाइटखाली पाहून झाल्यावर दारात उन्हात नेऊन पुन्हा पाहतो, कारण दोन लॉटचे पांढरे एकमेकांशी जुळत नाही हे त्याला दिसते, आणि शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याला दोन्ही टॉवेल अगदी सारखेच वाटतात. सर्ज त्या चित्रासमोर उभा राहतो तेव्हा नटाची नजर त्या जाणत्या माणसाची असली पाहिजे. पांढऱ्यात त्याला काहीतरी दिसते आहे, हे प्रेक्षकांना पटले तरच पुढचे सगळे भांडण खरे वाटेल.

कारण भांडण चित्राचे नाहीच. मार्कला राग येतो तो पैशांचा नाही आणि चित्राचाही नाही, तर सर्जने आपल्याला न विचारता, आपल्याशिवाय काहीतरी आवडून घेतले याचा. कधीकाळी सर्ज मार्कच्या नजरेने जग पाहत होता, त्याच्या मताला मान देत होता, आणि त्या आदरावर मार्कने आपली मैत्रीच नव्हे, तर स्वतःची किंमतही ठरवली होती. आता सर्जच्या आयुष्यात दुसरी माणसे, दुसरे शब्द, दुसऱ्या भिंती आल्या. आपल्या जागी त्या चित्राला बसवले गेले, असे मार्क जवळजवळ उघडपणे म्हणतो, आणि माझ्या मते संपूर्ण नाटकाचा कणा तिथे आहे. मार्क करणाऱ्या नटाने तोपर्यंतचा सगळा उपहास हा दुखावलेल्या माणसाचा उपहास आहे, हे पहिल्या प्रवेशापासून मनात धरले पाहिजे.

हे आपल्यापासून दूरचे नाही. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या ओळखीच्या दोन गृहस्थांचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोघेही जुन्या हिंदी गाण्यांचे वेडे. कोणते गाणे कोणत्या चित्रपटातले, कोणत्या साली आले, यावर त्यांची मैत्री पोसलेली. पुढे त्यांच्यापैकी एकाला ख्यालगायनाची गोडी लागली, तो मैफलींना जाऊ लागला, बोलताना 'लगाव', 'उपज' असे शब्द सहज वापरू लागला. दुसऱ्याला ते गाणे आवडत नव्हते म्हणून बिनसले नाही. 'हा आता आपल्याला अडाणी समजतो' असे त्याने मनाशी ठरवून टाकले आणि मग प्रत्येक भेटीत टोमणा ठरलेला. नाटकात सर्ज एक मोठा समीक्षकी शब्द अगदी सहज, न हसता वापरतो आणि मार्कच्या मनात तो सलत राहतो. आपल्या मित्राच्या तोंडी दुसऱ्याच कुणाची भाषा आली आहे, हे ओळखण्याइतके कान प्रत्येक जुन्या मित्राला असतात.

आणि एकदा मनात सल बसला की भांडण किती क्षुद्र गोष्टींवर येऊन थांबते, हे लेखिकेने जसे दाखवले आहे तसे मी फार थोड्या नाटकांत पाहिले आहे. सर्जला मार्कची जोडीदार पाउला हिच्याबद्दल काय खटकते, तर ती सिगारेटचा धूर हाताने बाजूला सारते ती ढब. एवढेच! एका बाईच्या हाताची एक हालचाल, पण तिच्या वर्णनातून सर्ज इतका विखार बाहेर काढतो की दोघे अंगावर धावून जातात, आणि सोडवायला गेलेल्या इवानच्या कानावर फटका बसतो. हा प्रवेश वाचनाच्या वेळी घाईने उरकला गेला. माझी कळकळीची विनंती आहे की, पाउलाच्या हाताचे ते वर्णन सावकाश, तपशीलवार, प्रेक्षकांनाही अवघडल्यासारखे होईल इतके थांबून झाले पाहिजे.

इवानबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण हौशी संस्थांमध्ये ही भूमिका 'विनोदी नटाला' देऊन टाकण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. इवानने आयुष्य कापडधंद्यात काढले आहे आणि आता त्याला घाऊक स्टेशनरीच्या व्यवसायात विक्रेत्याची नोकरी लागली आहे. हे वाक्य पॅरिसमध्ये कसे ऐकले गेले असेल ते असो. ज्या गावात गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर घराघरांतल्या माणसांनी मिळेल ते काम पत्करले, त्या गावात ते वाक्य ऐकून सभागृहात कोणी हसेल असे मला वाटत नाही. त्याचे लग्न ठरले आहे आणि पत्रिकेत कोणाकोणाची नावे छापायची यावरून दोन्हीकडच्या आया आणि सावत्र आया इरेला पेटल्या आहेत. तो उशिरा येतो आणि एका दमात ते सगळे सांगत सुटतो. लग्नपत्रिकेतल्या नावांचा क्रम लावताना घरे कशी फुटायला येतात, हे मराठी प्रेक्षकाला शिकवावे लागत नाही, त्यामुळे टाळी तर पडणारच. परंतु ती टाळी पडत असताना नटाचा श्वास खरोखर संपत आला पाहिजे. समोर बसलेले दोन मित्र स्वतःच्या भांडणात इतके गढलेले आहेत की त्याच्या कोंडमाऱ्याशी त्यांना काही देणेघेणे नाही. त्याच्या घरातले चित्रही चेष्टेचा विषय होते, आणि मग कळते की ते त्याच्या वडिलांनी काढलेले आहे. दोघांच्या मध्ये उभा राहणारा माणूस नेहमी गुळमुळीत, बिनकण्याचा म्हणून हिणवला जातो. इवानला मैत्री टिकायला हवी आहे, त्यापलीकडे त्याची काहीही मागणी नाही, आणि म्हणूनच मार त्याला बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटाबद्दलही मतभेद झाले. (ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) सर्ज स्वतःहून मार्कच्या हाती शाईचे पेन देतो आणि मार्क त्या चित्रावर उतारावरून घसरत येणारा एक स्कीइंग करणारा माणूस काढतो. पुढे दोघे मिळून ते पुसतात. शाई धुतली जाते हे सर्जला आधीच ठाऊक होते. मार्कने विचारल्यावर मात्र तो नाही म्हणतो. मैत्री खोट्यावर उभी राहिली, म्हणजे शेवट कडवट आहे, असे आमच्यातल्या एका ज्येष्ठांचे म्हणणे होते. मला तसे वाटत नाही. सर्जने चित्र पणाला लावले नाही हे खरे, पण मित्राला 'तुझ्यासाठी मी पणाला लावले' असे वाटू दिले, आणि ते खोटे बोलताना त्याला किती जड गेले हे तो आपल्याला सांगतो. दुसरीकडे, ज्या मार्कला त्या पांढऱ्यात काहीच दिसत नव्हते, त्यालाच अखेरीस त्यात बर्फ पडताना आणि एक माणूस दिसेनासा होताना दिसतो. दोघेही एकेक पाऊल सरकले आहेत, आणि आपण सरकलो हे एकमेकांना सांगत नाहीत.

रूपांतराविषयी दोनच गोष्टी. पात्रांना सोलापूरची नावे द्यायला, त्यांना पार्क चौकात भेटवायला माझी हरकत नाही. त्वचेचे डॉक्टर, इंजिनिअर आणि कापडातून बाहेर पडलेला विक्रेता हे तिघे या गावात सहज सापडतील. मात्र चित्र पांढरेच ठेवावे. 'आपल्या प्रेक्षकाला झेपणार नाही' म्हणून त्यावर रंगांचे फराटे मारण्याची सूचना आली होती, ती कृपया मागे घ्यावी. एम. एफ. हुसेन ज्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मले, त्या जिल्ह्याच्या प्रेक्षकाला एक पांढरा कॅनव्हास झेपणार नाही, असे आपणच का गृहीत धरायचे? आणि प्रयोगाचे हक्क रीतसर मागूनच पुढे जावे. त्याला वेळ लागला तरी चालेल, तोवर पाउलाचा प्रवेश आणि पत्रिकेचे स्वगत यांच्या तालमी सुरू करता येतील. हुतात्मा स्मृती मंदिराच्या मोठ्या रंगमंचापेक्षा लहान जागा, जिथे शेवटच्या रांगेतूनही चेहरे दिसतील, या नाटकाला अधिक मानवेल. इवानसाठी एक नट माझ्या मनात आहेत. आजवर त्यांना सगळ्यांनी हसवण्यापुरतेच घेतले आहे; त्यांनी हे स्वगत एकदा मोठ्याने वाचून पाहावे, अशी मी त्यांना विनंती करणार आहे.