मेन बंद केलाय ना? मग चढा बिनधास्त

घरातले दिवे मिणमिणतायत, पंखा मध्येच मंदावतोय आणि खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरच्या जोडाशी अधूनमधून ठिणगी उडतेय. अशा वेळी भित्री माणसं वीज कंपनीला फोन लावून वाट बघत बसतात. तुम्ही त्यातले नाही, तुम्ही स्वतःच खांबावर चढून तो जोड दुरुस्त करणार. तुमच्याकडे पक्कड आहे, शिडी आहे आणि 'त्यात काय एवढं' हे वाक्य आहे.

सुरुवात मेन स्विचपासून करा. तो खाली ओढला की जो 'खट्' आवाज येतो, त्याने माणसाला फार धीर येतो. वीज मेनपर्यंत कुठून येते, असल्या प्रश्नांत शिरू नका. खांबावरून सर्व्हिस वायर, तिथून मीटर आणि त्यानंतर मेन, असा तिचा रस्ता आहे. म्हणजे बंद पडलं ते मेनच्या पुढचं घर. ज्या वायरला तुम्ही हात घालणार आहात ती मेनच्या अलीकडे आहे आणि होती तशीच चालू आहे. मेन पाडल्यामुळे तिच्यावरचा लोड गेला, जोड सोडताना ठिणगी कमी उडेल, हे खरं. जाणकार तेवढ्यासाठीच मेन पाडतात. आपण पाडतो ते मनाच्या समाधानासाठी.

घरात 30 मिलिअँपिअरला पडणारी आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवली असेल तर छाती आणखी फुगवा. ती तिच्या पुढच्या वायरिंगवर डोळ्यात तेल घालून पहारा देते. तुम्ही तिच्या पाठीमागे खांबावर असाल, त्यामुळे तुमच्या अंगातून काय गेलं याचा तिला पत्ताही लागणार नाही. तुमच्या वाट्याला उरतो ट्रान्सफॉर्मरजवळचा फ्यूज. तो कित्येक घरांचा भार पेलायला बसवलेला असतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो. तेवढ्यासाठी तो स्वतःचा जीव देत नाही.

शॉक बसलाच तर हात सोडून देऊ, असंही मनाशी ठरवून ठेवा. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी नेमकं हेच मोजलं होतं. धडधाकट स्वयंसेवकांच्या हातात वाहक देऊन करंट वाढवत न्यायचा आणि माणूस स्वतःहून कुठपर्यंत सोडू शकतो ते बघायचं. पुरुषांची सरासरी निघाली 16 मिलिअँपिअर, बायकांची साडेदहाच्या आसपास. त्यापुढे बोटं आवळणारे स्नायू मालकाचं ऐकेनासे होतात आणि मूठ तारेवर घट्ट बसते. आता 230 व्होल्टला अंगाच्या साधारण हजार ओहम रोधाने भागा: 230 मिलिअँपिअर. वर चढताना हातांना घाम सुटला असेल तर रोध आणखी कमी. पण ही सरासरी इतरांची. तुमची गोष्ट वेगळी.

शिडी ॲल्युमिनियमची घ्या, खांद्यावर हलकी पडते. सोबत खिशातला टेस्टर. त्यातला इवलासा निऑन भर उन्हात पेटला की नाही हे दिसत नाही. दिसला नाही म्हणजे पेटला नाही, म्हणजे तार मेलेली, असा सरळ हिशेब मांडा. तो पेटतो तुमच्याच अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या चिमूटभर करंटवर. त्यामुळे कोरड्या लाकडी शिडीवर, जाड रबरी तळव्यांच्या चपलांत उभे राहिलात तर चालू तारेवरही तो मंदच पेटणार. व्यवसायातली संशयी मंडळी एका तपासणीसाठी तीन वेळा व्होल्टेज मोजायचं मीटर लावतात: आधी नक्की चालू असलेल्या ठिकाणी, मग कामाच्या तारेवर, मग पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या मिनिटात मीटरच तर मेला नाही ना, याची खात्री! एवढा अविश्वास घेऊन माणसं जगतात कशी कोण जाणे.

हातमोजे भांडी घासायचे चालतील. विजेच्या कामाच्या रबरी मोज्यांत सगळ्यात खालचा 00 वर्गही 500 व्होल्टपर्यंत प्रमाणित असतो. त्यावर चामड्याचा मोजा चढवायचा आणि प्रत्येक वेळी आधी हवा कोंडून भोक आहे का बघायचं, हे सोपस्कार हौसेच्या कामात कशाला?

न्यूट्रलला, म्हणजे करंटच्या परतीच्या तारेला, मात्र खुशाल हात लावा, कारण न्यूट्रल म्हणजे गरीब गाय असं सगळेच सांगतात. जोडलेला आहे तोवर ते बरंचसं खरंही आहे. पण मेन पाडायची राहून गेली, घरात एखादा बल्ब चालू राहिला आणि तुम्ही आधी न्यूट्रलच मोकळा केलात, तर त्या बल्बमधून फिरून आलेलं फेजचं, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेचं, व्होल्टेज न्यूट्रलच्या घराकडच्या टोकावर येऊन थांबतं. एका हातात ते टोक आणि दुसऱ्या हातात खांबाकडचं टोक, अशा बेताने तुम्ही उभेच असता. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला तर 230 व्होल्टच्या उपकरणांना 400 पर्यंतची चव मिळू शकते. म्हणून लाइनमन सोडताना फेज आधी सोडतो, न्यूट्रल शेवटी, आणि जोडताना याच्या उलट. एका वेळी एकच तार उघडी, दुसरी झाकलेली. तुम्ही दोन्ही एकदम सोला, वेळ वाचतो. पकडीचा जबडा दोघींना एकदम टेकला की निघणाऱ्या आर्कचं, म्हणजे विजेच्या झोताचं, तापमान 19,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास असतो. शर्ट पॉलिस्टरचा घाला, वितळून अंगाला छान चिकटतो.

एवढं करून जोड कसा मारायचा? तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार एकमेकींना पीळ देऊन, वरून टेप. दोन धातूंत ओल शिरली की गंज धरतो, जोड सैल होतो, तापतो आणि पुन्हा ठिणग्या उडतात. त्यासाठी दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडणारे बायमेटल कनेक्टर मिळतात, पण मग तुम्हाला परत चढायची संधी कशी मिळणार?

कुणी म्हणेल, 'लाइट गेलीय, आत्ताच उरकून घ्या.' झकास. शेजारच्याने घराला खांबापासून तोडून जनरेटरला जोडणारा चेंजओव्हर स्विच न लावता जनरेटर थेट प्लगमध्ये खोचला असेल, तर तीच वीज उलट्या वाटेने खांबावर येते आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाताना हजारो व्होल्ट होते. तार दुसरीकडे कुणाला टेकली आहे, हे खांबावरून दिसत नाही. 11 ऑक्टोबर 1889 रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉन फीक्स हा लाइनमन खांबावर कमी दाबाच्या टेलिग्राफ तारांमध्ये काम करत होता. काही अंतरावर त्यातली एक तार उच्च दाबाच्या तारेला टेकली होती. भर दुपारी, रस्त्यावरच्या गर्दीसमोर, तो शॉकने मेला आणि त्या तारांतच अडकून राहिला. आणि तो तर पोटासाठी रोज खांबावर चढणारा माणूस होता.

शिडी धरायला एक माणूस लागेल. तुम्ही चिकटलात तर धावत येऊन तुमचे पाय ओढ, असं त्याला सांगून ठेवा, म्हणजे तोही सोबत येईल. अंतर ठेवून वीज तोडायला लावायची आणि सुटका झाल्यावर छाती दाबायची, हे त्याला येत असेल तर उत्तमच. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची पद्धत 1960 मध्ये जगापुढे मांडणाऱ्या तिघांमध्ये विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता होते, आणि शॉकने लाइनमन का मरतात या प्रश्नातूनच ते या कामाकडे वळले होते. त्या माणसाला यातलं काहीच येत नसेल तर वीज कंपनीचा तक्रार क्रमांक एका कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा. तुम्हाला तो पाठ आहे, फक्त लावायचा राहिलाय.