दर्शन घडवू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

नुकताच जिंकलेला देश आपल्या धर्मात आणायचा असेल, तर आधी तोडफोड उरकून घ्या. स्पेनने जिंकलेल्या मेक्सिकोचे नियोजित बिशप हुआन दे सुमारागा यांनी जून १५३१ मध्ये युरोपला पाठवलेल्या पत्रात ५०० हून अधिक देवळे पाडल्याचा, २०,००० मूर्ती फोडल्याचा आणि दहा लाखांवर लोकांना बाप्तिस्मा दिल्याचा हिशेब आहे. ग्वादालूपेची मरियामाता मेक्सिको शहराजवळच्या टेपेयाकच्या टेकडीवर प्रकटली ती, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यानंतरच्या डिसेंबरात. तरीही तिच्या दर्शनानेच देश ख्रिस्ती झाला, असे भाविक सांगतात.

जागा निवडताना नसती कल्पकता नको. टेपेयाकवर स्थानिकांच्या तोनान्त्सिन देवीचे जुने ठाणे होतेच. मरियेची देवळे गावोगाव असताना लोक लांबून याच टेकडीवर येतात आणि तिला तोनान्त्सिनच म्हणतात, अशी कुरकुर बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी लिहून ठेवली आहे. तिकडे काणाडोळा करावा.

साक्षीदार गरीब आणि तिथलाच असावा. मातेने हुआन दिएगो या आदिवासी माणसाशी त्याच्या नाहुआत्ल भाषेत, पोटच्या पोराशी बोलावे तसे लाडाने बोलावे. तिचा निरोप घेऊन गेल्यावर बिशप सुमारागांनी त्याला हेलपाटे घालायला लावावे (कचेऱ्यांचा अनुभव असलेल्यांना एवढा भाग तरी लगेच पटतो), आणि मग त्याने घायपाताच्या धाग्याचे पांघरूण उलगडताच ऐन थंडीत फुललेले गुलाब खाली पडून कापडावर सावळ्या मातेचे चित्र उमटावे. गुलाब मात्र स्पेनमधल्या कास्तीलचेच हवेत; स्थानिक फुलांवर बिशपचा विश्वास बसेलच, असे नाही.

लेखी नोंदीची घाई नको. सुमारागांच्या उपलब्ध लिखाणात या चमत्काराचा उल्लेख नाही आणि सविस्तर कथा छापून यायला १६४८ उजाडले. मधल्या काळात, १५५६ मध्ये, बुस्तामान्ते या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी भर प्रवचनात ते चित्र मार्कोस नावाच्या स्थानिक चित्रकाराने काढल्याचे सांगून टाकले. अशांशी वाद घालू नये. ते मरतात, चित्र राहते. फारच जवळचा माणूस शंका काढू लागला, तर त्याला पद सोडू द्यावे: तीन दशकांहून अधिक काळ ग्वादालूपेच्या देवळाचे मठाधिपती असलेल्या शुलेनबुर्ग यांनी हुआन दिएगो हे केवळ प्रतीक असल्याचे म्हटले आणि १९९६ मध्ये ते पायउतार झाले.

त्यानंतर साक्षीदाराला संतपद द्यायला हरकत नाही. ते २००२ मध्ये मिळाले. फक्त अधिकृत चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा नजरेखालून घाला, कारण त्या चित्रातला आदिवासी संत उजळ वर्णाचा आणि भरघोस दाढीचा निघाला.