पीडीएफ हवीच, पण घडीची पानं अखंड ठेवा

उपकरणांच्या छापील मॅन्युअलपेक्षा पीडीएफ बरी, असं मत एका लेखात वाचलं आणि ते पटलं. एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपच्या जाडजूड डेटाशीटमध्ये, म्हणजे तांत्रिक माहितीपुस्तिकेत, एखादं रजिस्टर (चिपमधली छोटी साठवणजागा) कागदावर शोधायचं म्हणजे जीव जातो. पीडीएफमध्ये नाव टाइप केलं की सापडतं. पण जुन्या उपकरणांचं काय? टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा सत्तरच्या दशकातला १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत सिग्नल पडद्यावर दाखवणारं उपकरण. त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या सर्किट डायग्राम उलगडून बघायच्या लांब पानांवर आहेत. अशी पानं घाईत तुकडे करून स्कॅन केली, की एकच सिग्नल या पानावरून त्या पानावर शोधत बसावं लागतं. रेझिस्टरच्या (रोधकाच्या) ओहममधल्या मूल्यातला आकडा ३ आहे की ८, तेही कळत नाही, आणि तिथेच दुरुस्ती अडते. जुनी मॅन्युअल्स जपणाऱ्यांना कळकळीची विनंती: घडीची पानं अखंड आणि ठळक स्कॅन करा. आणि मूळ प्रत रद्दीत टाकू नका.