‘छोट्या शाळेला व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शिक्षकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. आमच्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या बऱ्याच शिक्षकांना तो एव्हाना आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दहा-बारा शिक्षकांच्या शाळेला आपसातल्या चर्चेसाठी वेगळं फोरम सॉफ्टवेअर, म्हणजे विषयवार लेखी चर्चा साठवणारी वेबसाइट, लागत नाही. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, फुकट आहे आणि एन्क्रिप्टेड असल्यामुळे सर्वांत सुरक्षितही आहे. फोरम म्हटलं की सर्व्हर आला, इंजिनिअर आला, खर्च आला. एवढं करून शिक्षक तिथे लिहिणारच नाहीत. आणि करायचंच असेल तर कुठलंही नावाजलेलं सॉफ्टवेअर टाका, लॉगिन लावा, की झालं खासगी.

तो वाचून आमच्या एका सहकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, “सर, हाई कसाले जोयजे?” म्हणजे, हे हवंच कशाला? प्रश्न रास्त आहे. त्या मजकुरातला जवळपास प्रत्येक मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. उरलेल्या अर्ध्या भागाशी मात्र आपल्या मुलांची माहिती जोडलेली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“सगळ्यांकडे आहे.” आहेच. उद्या शाळा सकाळची भरणार, केंद्रप्रमुख येणार, पोषण आहाराची माहिती आज पाठवा, असल्या निरोपांना व्हॉट्सॲपसारखं दुसरं काही नाही, आणि ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण निरोप वेगळा आणि चर्चा वेगळी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. कोणतं मूल सोबत गेलं, कोणतं आजीजवळ राहिलं, कोणाला वसतिगृहात घेता येईल, परत आल्यावर कोणाचं गणित कुठून सुरू करायचं, ही चर्चा दिवाळीला सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. ग्रुपवर ती शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीच्या सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि वीस पानी पीडीएफ यांच्यात विखुरते. फेब्रुवारीत नवे वर्गशिक्षक आले तर मागचं सगळं त्यांना आपोआप मिळत नाही. बदलून गेलेल्या बाई मात्र ते सगळं आपल्या फोनमध्ये घेऊन जातात, त्यांचा तसा काही हेतू नसला तरी.

फोरममध्ये याच कामाचा एक विषय उघडायचा: ‘सहावी, स्थलांतर, हजेरी क्रमांक १४’. नोव्हेंबरची नोंद वर, मार्चची खाली. नव्या शिक्षकांना खातं दिलं की ते पहिल्या ओळीपासून वाचतात. जुन्यांचं खातं कार्यमुक्तीच्या आदेशाच्या दिवशी बंद होतं. चर्चा शाळेकडेच राहते.

“एन्क्रिप्टेड आहे, म्हणून सर्वांत सुरक्षित.” या वाक्यावर लोकांचा सगळ्यांत जास्त भरवसा आहे, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, हे खरं. म्हणजे एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंतच्या वाटेत ते कोणाला वाचता येत नाहीत. पण आपल्या गावांत बातमी वाटेत फुटत नाही, ती फोनवर फुटते. संध्याकाळी शिक्षकांचा फोन घरातल्या मुलाच्या हातात असतो. ग्रुपवरचा फोटो गॅलरीत उतरलेला असतो. फॉरवर्ड करायला एक बोट पुरतं. गूगल ड्राइव्हवर जाणाऱ्या बॅकअपचं एन्क्रिप्शन तर वेगळं चालू करावं लागतं. ती सोय २०२१ मध्ये आली, पण किती जणांनी ती वापरली आहे ते आपल्याच स्टाफरूममध्ये विचारून पाहा.

शिवाय गाव लहान. शहरात ‘आठवीतली एक मुलगी’ म्हटलं तर काही कळत नाही. इथे ‘आठवीतली, वडील केळीच्या गाडीवर’ एवढं म्हटलं तरी घर ओळखू येतं. स्टाफमधलं कोणी ना कोणी त्या घराच्या नात्यात असतं. समजा, वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं की मुलगी चार दिवस शाळेत नाही आणि मैत्रिणी सुपारी फुटल्याचं बोलताहेत. मुख्याध्यापकांना सांगायचं, पालकांशी कोण बोलणार ते ठरवायचं, ग्रामसेवकांना कळवायचं, कारण गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात, आणि गरज पडली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. हे सगळं पूर्ण स्टाफच्या ग्रुपवर लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत त्या घरी पोचलं, तर लग्न थांबत नाही, त्याची तारीख अलीकडे येते. ही चर्चा तिघांची आहे आणि ती तिघांनाच दिसली पाहिजे. फोरममध्ये तेवढ्यांसाठी वेगळा विभाग करता येतो, बाकीच्यांना तो असल्याचंही दिसत नाही. तिघांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप करा, असं कोणी म्हणेल. मग प्रत्येक बाबीला एकेक ग्रुप होतो, आणि एक दिवस घाईत चुकीच्या ग्रुपवर मेसेज पडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साध्या फोरमला व्हॉट्सॲपसारखं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसतं. सर्व्हर ज्याच्या हातात आहे, त्याने ठरवलं तर तो डेटाबेसमधलं सगळं वाचू शकतो. म्हणून चावी, म्हणजे सर्व्हरचा आणि ॲडमिनचा पासवर्ड, कोणाकडे, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या नावाच्या आधी येतो. आणि पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, येणारी बाब फोरमवरही चर्चेला घ्यायची नाही. २०१२ च्या त्या कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण ‘मूल’ आहे, म्हणजे आपल्या हजेरीपटावरचे जवळजवळ सगळेच.

“सर्व्हर, इंजिनिअर, खर्च.” हे एका सॉफ्टवेअरला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही. २०१३ मध्ये जाहीर झालेलं डिस्कोर्स हे आजचं सगळ्यांत नावाजलेलं आणि चांगलं फोरम सॉफ्टवेअर आहे. पण ते डॉकर नावाच्या सर्व्हरवरच्या प्रणालीवर चालतं, त्याला स्वतःचा व्हर्च्युअल सर्व्हर लागतो, कमीत कमी १ जीबी रॅम आणि जोडीला स्वॅप (रॅमला पूरक म्हणून डिस्कवरची जागा) लागते, ईमेल पाठवण्याची सोय आधी नीट बसवावी लागते. एखाद्या संस्थेच्या पाच-सहा शाळा असतील आणि संगणकाचा जाणकार माणूस पगारावर असेल, तर जरूर घ्या. बारा शिक्षकांच्या शाळेला पीएचपीबीबी हे फोरम सॉफ्टवेअर पुरतं. २००० सालापासून चालत आलेलं, मुक्त परवान्याचं, साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक वेबसाइटींनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, चालणारं. शाळेची वेबसाइट ज्या होस्टिंगवर आहे त्याच्यावरच बहुधा बसतं, म्हणजे वेगळा खर्च नाहीच. दिसायला जुनाट आहे, मान्य. पण कोणत्या गटाला कोणता विभाग दिसावा हे त्यात जितकं बारकाईने ठरवता येतं, तितकं बऱ्याच देखण्या सॉफ्टवेअरांत येत नाही. फ्लेरम हे तिसरं फोरम सॉफ्टवेअर देखणं आहे आणि पीएचपीबीबीसारखंच पीएचपी या भाषेवर चालतं, पण आपल्याला लागणाऱ्या कित्येक गोष्टी त्यात एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचे भाग, टाकून मिळवाव्या लागतात, आणि प्रत्येक एक्स्टेन्शन पुढे सांभाळावं लागतं. शाळेत मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली आधीच चालू असेल तर त्यातलाच फोरम वापरा.

“शिक्षक लिहिणार नाहीत.” हा मुद्दा मला लागतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत. त्या भागात आज शिक्षकाला मुलाविषयी चार ओळी लिहिणं जमणार नाही, हे मी मानत नाही. मराठी टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डला बोलून लिहिता येतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज जाते, ही अडचण खरी आहे. तिथे शाळा सुटल्यावर रेंजमध्ये आल्यावर लिहायचं, कारण ही चर्चा त्याच क्षणी व्हायलाच हवी अशी नसते.

“कुठलंही टाका, लॉगिन लावा, झालं खासगी.” मुळीच नाही. हा शेवटचा सल्ला पहिल्या सगळ्यांपेक्षा घातक आहे, कारण तो पाळणाऱ्याला आपण काळजी घेतली असं वाटत राहतं.

जोडलेल्या फाइलीचंच पाहा. एखाद्या मुलाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचा फोटो आपण खासगी विभागात टाकला. पीएचपीबीबी ती फाइल वेगळ्या नावाने साठवतं आणि दर वेळी परवानगी तपासूनच दाखवतं. लॉगिन न केलेल्या माणसाला लिंक दिली तरी फोटो उघडत नाही. डिस्कोर्समध्ये मुळात जशी सेटिंग्ज येतात त्यांत विषय बंद असतो, पण फोटोची थेट लिंक हाती लागली तर फोटो उघडतो. तो बंद करायचा तर ‘सिक्युअर अपलोड्स’ लागतं, आणि त्याला एसथ्री पद्धतीचं, म्हणजे ॲमेझॉनच्या ऑनलाइन साठवणीसारखं, वेगळं स्टोरेज जोडावं लागतं. फ्लेरममध्ये फाइली चढवण्याचं जे एक्स्टेन्शन बहुतेक जण वापरतात, तेही फाइली सार्वजनिक फोल्डरात ठेवतं. कोणी लिंक पुढे पाठवली की लॉगिनचा काही उपयोग नाही.

दुसरी फट ईमेलची. डिस्कोर्स नव्या उत्तराचा मजकूर सूचनेच्या ईमेलमधून शिक्षकांच्या खासगी जीमेलवर पोचवतं. ‘प्रायव्हेट ईमेल’ ही सेटिंग चालू केली तरच मजकूर गाळला जातो. पीएचपीबीबीच्या सूचनेत मजकूर जात नाही, पण विषयाचं शीर्षक जातं. म्हणूनच मी वर हजेरी क्रमांक लिहिला, नाव नाही.

तिसरी फट नोंदणीची. पीएचपीबीबी बसवलं की पहिल्या दिवशी नोंदणी बंद करा, खाती स्वतः तयार करून द्या. ‘गेस्ट्स’, म्हणजे लॉगिन न केलेल्यांच्या, गटाची प्रत्येक विभागावरची परवानगी काढा. मग ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडून, लॉगिन न करता, एकेक लिंक टाकून पाहा. एकही विभाग, एकही फोटो दिसता कामा नये. हे झाल्याशिवाय एकाही मुलाची नोंद लिहू नका.

आणि चाव्यांचं: डोमेन आणि होस्टिंग शाळेच्या ईमेलवर घ्या, कुणा उत्साही शिक्षकाच्या जीमेलवर नको. ॲडमिन दोन ठेवा, त्यांतले एक मुख्याध्यापक, म्हणजे एकाची बदली झाली तरी शाळा बाहेर राहणार नाही. नवी आवृत्ती आली की ती टाकायचं काम कोणाचं, हे मीटिंगमध्ये ठरवून इतिवृत्तात लिहा. बॅकअप दर महिन्याला डेटाबेस आणि फाइली अशा दोन्हींचा काढा, आणि तो पेनड्राइव्ह मुख्याध्यापकांच्या कपाटात, जनरल रजिस्टरशेजारी ठेवा.