मी राख चाटलेली नाही

मी पणजीची राख चाटली, अशी बातमी सध्या आमच्या नात्यागोत्यात फिरते आहे. ती राख नव्हती. मीठ होतं.

वाटणीत मला चिनी मातीची बरणी आली. इतरांना काय आलं ते लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. वर तपकिरी, खाली पिवळट, पोटावर ठसठशीत 2. सगळे जमलेलेच होते, म्हणून मी भाबडेपणाने विचारलं, "ही किती जुनी असेल हो?"

दाजी उठले. बरणीला हात न लावता दोन पावलं मागे सरकले, डोळे बारीक केले.

"तीनशे वर्षं. अस्थिकलश आहे."

"अहो, नऊ लिटर पाणी मावतं हिच्यात. मी बाटलीने मोजलंय. अस्थी कुणाच्या, हत्तीच्या?"

"पूर्वीची माणसं धिप्पाड असत."

"आणि हा 2?"

"दोघांच्या असतील. जोडप्याच्या."

मागून कुणीतरी "अगंबाई" म्हणालं आणि माझी बाजू तिथेच पडली. वास्तविक 2 म्हणजे दोन गॅलन. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरच्या किंचित वर. हिशेब चोख बसतो. बुडाजवळ इंग्रजीत 'मेड इन' आणि देशाचं नाव होतं. आयात मालावर देशाचं नाव हवं, हा अमेरिकेचा कायदा 1890 चा, आणि 'मेड इन' असं सविस्तर लिहिणं बहुतेक विसाव्या शतकातलं. मी हे सांगितलं.

"ते मागाहून कोरलं असेल," दाजी म्हणाले.

"दाजी, अक्षरांवरून झिलई ओघळलीय. भट्टीत, बाराशे अंशांच्या आसपास. मागाहून कोरलं असतं तर झिलई फुटली नसती?"

"तू भट्टीत होतास?"

या प्रश्नाला उत्तर नाही. याच माणसाने एकदा आमच्या गळक्या नळाला 'वरचं प्रेशर' असं निदान केलं होतं आणि मी महिनाभर बादली लावून बसलो होतो. असो. काठाखाली फडकं बांधायला खाच असते, ती मी दाखवली. ही लोणच्याची, खारवणाची बरणी आहे, म्हणालो. तेवढ्यात दाजींना बाहेरून चिकटलेली पांढरी भुकटी दिसली.

"मग ही काय?"

सगळे मागे सरले. आता मला ठाऊक होतं की बरणीला केसाएवढी चीर गेली की खारं पाणी झिरपतं आणि बाहेर सुकून मीठ फुलतं. हे शांतपणे सांगता आलं असतं. पण दाजी दोन्ही हात जोडून उभे होते. मी बोट फिरवलं आणि चाटलं.

खारट. शंभर टक्के मीठ.

कुणी टाळी वाजवली नाही. बायको म्हणाली, "चूळ भरून या."

घरी येऊन बरणीवर बोटाने टिचकी मारली. धड बरणी खणकन वाजते. ही भद्द वाजली. म्हणजे माझंच खरं, आणि बरणी कुचकामी. चिरलेल्या बरणीत आंबट-खारट काही घालण्यात अर्थ नाही. अखंड असती तरी घातलं नसतं. घरात तिला आता 'कलश' म्हणतात आणि तिच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नाही.

काल मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने आवाज खाली आणला.

"दोघांची चव वेगवेगळी लागते का रे?"