गच्चीची किल्ली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली. 'सुट्टीत मुलांनी पार्किंगमध्ये चेंडू खेळू नये. गच्ची नेहमीप्रमाणे बंद राहील. उन्हाळी शिबिराचे फॉर्म ऑफिसात मिळतील. दहा दिवस, साडेसहा हजार, खाऊ धरून.' तिन्ही गोष्टी एकाच दमात. खाली चार अंगठे, दोन नमस्कार.

मी या ग्रुपवर फ्लॅटची मालकीण म्हणून आहे. राहते म्युनिकला, २०१३ पासून. ग्रुपवरचे वाद मी ऑफिसला जाताना ऊ-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, वाचते आणि सहसा गप्प बसते. पण त्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या एका आईने विचारलं, "दोघांचे तेरा हजार होतात. एवढे आत्ता नाही जमणार. स्वस्तात काही आहे का?" त्यावर एका काकांचं उत्तर आलं : "हल्ली फुकटात सुट्टी होत नाही हो. काळ बदलला."

हे वाक्य मला लागलं. दिवसभर कामात डोक्यात तेच. काळ बदलला म्हणे! जसं काही काळ स्वतः जिना चढून वर गेला आणि गच्चीला कुलूप लावून आला.

संध्याकाळी मी लांबलचक लिहिलं. सुरुवात केली, "आमच्याकडे तर उलट आहे." दोन मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरचा, माझ्याच वर्गातला एक जण विचारतो, "आमच्याकडे म्हणजे नक्की कुठे गं?" वर हसरा चेहरा. त्याला मी उत्तर दिलं नाही, पण बाकीचं सगळं ऐकवलं. तेच इथे जरा सविस्तर लिहिते. ग्रुपवर जागा कमी पडते, आणि लोक मध्येच गुड मॉर्निंगची फुलं टाकतात.

गेल्या ऑगस्टमधल्या आमच्या एका रविवारचा हिशेब. सकाळी पिनाकोथेक, म्हणजे चित्रांचं संग्रहालय : मोठ्यांना एक युरो, लेकाला काहीच नाही. दुपारी इझार नदी, फ्लाउखर भागातल्या दगडांवर : शून्य. संध्याकाळी बिअरगार्टनमध्ये दोन राडलर (लिंबू सरबत घातलेली बिअर) आणि एक आफेलशोर्ले (सोडा घातलेला सफरचंदाचा रस). जेवण घरचं. डब्यात थालीपीठं, वर लोण्याचा गोळा, आणि लसणाची चटणी मी मुद्दाम वेगळ्या छोट्या डबीत नेते, कारण एकदा ती बॅगेत सांडली आणि नवऱ्याचा स्वेटर आठवडाभर महाप्रसादासारखा घमघमत होता. ज्या टेबलांवर टेबलक्लॉथ नसतो तिथे बसायचं आणि आपला डबा उघडायचा. कुणी हटकत नाही, बवेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, तसा नियमच आहे, १९९९चा. पेय त्यांचं घ्या, खाणं तुमचं आणा. शेजारच्या टेबलावर एक आजोबा घरचा मुळा चकत्या करून मिठाला लावून खात होते. त्यांनी थालीपीठाकडे पाहिलं, मी मुळ्याकडे पाहिलं, अर्धं थालीपीठ तिकडे गेलं आणि मुळा इकडे आला. हे वाचून ज्यांना 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई' या पाट्या आठवत असतील, त्यांना माझा राग कळेल.

आणि ही नदी काही देवाने अशीच दिलेली नाही. शहरात तिला सरळ कालव्यासारखं बांधून टाकलं होतं. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरवरचे ते बांधीव काठ काढले, पात्र रुंद केलं, दगडगोटे परत आणले. वरच्या गावांचं सांडपाणी प्रकल्पात शुद्ध झाल्यावर त्यावर अतिनील किरण सोडतात, म्हणजे पाण्यात उतरता येईल. पैसे लागले, बैठका झाल्या, भांडणंही झाली असतील. पण शेवटी जे झालं त्यात माझ्यासारखी बाई लेकाला घेऊन फुकट पाय सोडून बसते. १९४६च्या बवेरियाच्या संविधानात १४१वं कलम आहे : डोंगर, तळी, नद्या यांच्याकडे जाण्याचे रस्ते लोकांसाठी मोकळे ठेवणं हे सरकारचं आणि नगरपालिकांचं कर्तव्य आहे. संविधानात! आमच्या सोसायटीच्या सूचनेत मात्र 'नेहमीप्रमाणे बंद'.

यावर वर्गमित्राचं उत्तर : "तिकडे पंचवीस डिग्री असतं म्हणून संविधान सुचतं. मे महिन्यात दुपारी एक वाजता ये आणि आपल्या गच्चीवर उभी राहून दाखव."

दुपारी एक वाजता गच्चीवर आम्ही कधी होतो? विसरला वाटतं हा. गच्ची सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात जिन्यात पत्ते. जिन्याच्या तिसऱ्या वळणावर जाळीच्या खिडकीतून वारा यायचा, ती जागा मिळवायला भांडणं व्हायची.

आणि कुरडयांचे दिवस तो विसरला असेल तर त्याने गुपचूप ग्रुप सोडावा. गहू तीन दिवस भिजत. रोज पाणी बदलायचं, तो आंबूस वास जिन्यात पहिल्या मजल्यापर्यंत. मग वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पिवळट पाणी ओतून टाकलं की खाली पांढराशुभ्र, घट्ट चीक बसलेला असे. बोट रुतवायला धडपडायचो, तर आई हातावर चापट मारायची. साडेचारला गॅसवर मोठं पातेलं. आई ढवळायची, हात भरून आला की समोरच्या काकू घ्यायच्या, मग खालच्या आजी नुसत्या बसून "गुठळी धरतेय बघ" म्हणायच्या. सहा वाजता गच्चीवर जुन्या धोतरावर सोऱ्या फिरायला लागायचा. पितळी सोऱ्या, मूठ एका बाजूला जरा वाकलेली. गरम चीक आत असताना तो दाबायला जोर लागतो, म्हणून ते काम बाबांकडे. बाबा बँकेत जाण्याआधी बनियनवर, घामाघूम, पन्नास-साठ कुरडया पाडून मग आंघोळीला जायचे.

आम्हा पोरांचं काम राखणीचं. काठीला काळा फडका बांधून कावळे हाकायचे. मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, वर साखर आणि तूप. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या अर्धवट वाळलेल्या, चिवट कुरडया, त्या चोरून खायच्या आणि आईने चोरी न पाहिल्यासारखं करायचं. प्रत्येक घराचा दिवस ठरलेला. सोमवारी आमच्या, मंगळवारी काकूंचे साबुदाण्याचे पापड, बुधवारी कुणाचे सांडगे. म्हणजे पंधरा दिवस आम्ही कामाला. याला कुणी शिबिर म्हणत नव्हतं. 'टीम बिल्डिंग'चं सर्टिफिकेटही नव्हतं. (त्या साडेसहा हजारांच्या शिबिरात 'मातीशी नातं' नावाचं एक सत्र आहे. माती ते पाकिटातून देणार आहेत.)

बाकी पैसे कुठे जायचे? तलावपाळीला चालत फेरी, गोळा, कधीतरी एकदा बोट. १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय, तिथून आणलेली पुस्तकं, परत करताना चिकटलेली पानं सोडवताना होणारी धांदल. तासावर भाड्याने मिळणारी सायकल, तिला ब्रेक एकच. आणि लोकल. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती १८५३च्या १६ एप्रिलला, ऐन उन्हाळ्यात, पाहुणे भरून. म्हणजे उन्हाळी सहलीचा मान आमच्याच गावाचा. मावसभाऊ नेरूळला राहतो, त्याने त्या पहिल्या मजल्यावरच्या आईला माझ्यामार्फत निरोप दिला की ठाण्याहून थेट नेरूळ लोकल पकडा, भरतीची वेळ बघून पाणथळीकडे या, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, अजून आहेत, मेअखेर जातील. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात, भरती आली की नेरूळकडे विसाव्याला येतात. ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. गुलाबी पक्षी बघायला तिकीट नाही, लोकलचं काय ते. ती गेली दोन्ही मुलांना घेऊन. फोटो टाकले. मी मनात म्हटलं, बघा, झाली की नाही फुकटात!

पण इथपर्यंत लिहून झाल्यावर मला जरा अडखळायला झालं. ग्रुपवर मी काही गोष्टी लिहिल्या नव्हत्या.

एक तर लेकाच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीतले तीन आठवडे तो फेरीनबेट्रॉयुंगला, म्हणजे सुट्टीतल्या पाळणाघरवजा शिबिराला, जातो. पैसे भरून. आम्ही दोघं नोकरी करतो, दुसरं काय करणार? तिथेही मातीकाम आहे. दुसरं, ते १४१वं कलम असूनही म्युनिकजवळच्या श्टार्नबर्गच्या तळ्याचा बराच काठ बंगल्यांच्या कुंपणाआड आहे, आम्ही मधल्या चिंचोळ्या वाटेने पाण्यापर्यंत जातो. तिसरं सांगायला सगळ्यात जड. इझारच्या काठावर इतके उन्हाळे आम्ही चटई टाकतोय, पण शेजारच्या चटईवरचं पोर आमच्या चटईवर आपणहून आलंय असं एकदाही झालेलं नाही. लेकाचे मित्र येतात, पण आधी मेसेज, मग वेळ, मग दोन ते पाच. पाच वाजता त्याची आई सायकलवर हजर. नदी फुकट आहे. पोरं मात्र अपॉइंटमेंटने.

आणि ज्याला हा स्वस्तातला उन्हाळा दाखवायचा म्हणून मी एवढी तावातावाने भांडते, त्याने ठाण्याचा मे महिना पाहिलेलाच नाही. शाळा बुडवता येत नाही, फिंग्स्टनच्या, म्हणजे मे-जूनमधल्या सणाच्या सुट्टीत तिकिटं परवडत नाहीत, म्हणून आम्ही येतो ते ऑगस्टमध्ये. त्याच्या डोक्यात ठाणे म्हणजे पाऊस, कुबट वासाचे टॉवेल आणि गणपतीच्या मंडपांचे बांबू. "आई, गच्चीवर काय आहे?" असं त्याने मागच्या वेळी विचारलं. म्हटलं, "टाक्या."

कारण कुलूप होतं.

आता ते कुलूप. मे महिन्याच्या सुरुवातीला सेक्रेटरी काकांचा मला स्वतंत्र फोन आला. माझा ग्रुपवरचा निबंध त्यांना आवडला होता. आवाजात थट्टा नव्हती, तेच जास्त बोचलं. म्हणाले, "ताई, पहिल्या मजल्यावरच्यांनी रीतसर अर्ज दिलाय, सकाळी आणि संध्याकाळी गच्ची उघडा म्हणून. कमिटीची हरकत नाही. फक्त फाइलमध्ये तुमचं पत्र आहे ना."

माझं पत्र. २०१९च्या एप्रिलमधलं. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. वर पोरं धावली की खाली पंख्याची दांडी थरथरायची, बाबा दचकून जागे व्हायचे, आणि आई फोनवर रडायची. मी इथून काय करणार होते? एक मेल लिहिली. 'पोरांमुळे बाबांना त्रास होतो' एवढं साधं लिहायला लाज वाटली असावी, म्हणून वॉटरप्रूफिंग लिहिलं, मुलांची सुरक्षितता लिहिली, कठड्याची उंची लिहिली, शेवटी कायदेशीर जबाबदारी कोणाची असंही विचारलं. ऑफिसात बसून चांगल्या इंग्रजीत. कमिटी घाबरली, आठवड्यात कुलूप लागलं. बाबा पुढच्या जानेवारीत गेले. आई भावाकडे ऐरोलीला राहायला गेली, फ्लॅटमध्ये भाडेकरू आले. कुलूप तसंच. त्या सूचनेतल्या 'नेहमीप्रमाणे'ची सुरुवात माझ्या मेलपासूनची.

आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, पण बाबांच्या आजारपणाच्या कप्प्यात, गच्चीच्या नाही. साडेसहा हजारांचं शिबिर, काळ बदलला म्हणणारे काका, १४१वं कलम हे सगळं लिहिताना ते दोन कप्पे एकमेकांशी बोललेच नाहीत.

वर्गमित्राला हे माहीत असणार. तो तेव्हा कमिटीवर होता. तरी ग्रुपवर त्याने एवढंच विचारलं होतं की आमच्याकडे म्हणजे कुठे.

पत्र मागे घेण्याआधी आईला फोन केला. खरं तर विचारायची गरज नव्हती, फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण केला. दुपारची झोप मोडून ती बोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "घे की मागे. भाडेकरूंना विचार मात्र, त्यांच्या डोक्यावर नाचणार आहेत पोरं. आणि सांग त्या बाईला, लगोरी खेळू देऊ नका. लगोरीच्या फरशा फार वाजतात खाली."

मग जरा थांबून, "चीक करणार आहेत का गं कुणी?"

म्हटलं, माहीत नाही.

"करणार असतील तर आपला सोऱ्या माळ्यावर आहे, डाव्या बाजूला, पिंपाच्या मागे. दे म्हणावं. पण परत घे."